फळीवरचं गिऱ्हाईक

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तिचा राग चढू लागला आणि नवऱ्याच्या सलूनच्या दारात येईतो पार डोक्यात गेला. कडेवर अडीच वर्षांची लेक, अजून मुकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कान ठणठणीत, जीभ मोकळी. मग त्यांनी विचारलं होतं, घरी हिच्याशी कोण बोलतं? बोलतं म्हणजे विचारतं, आणि उत्तराची वाट बघतं?

आई स्वतः दिवसभर धुलाईखान्यात, यंत्रांच्या घरघरीत. घरी पोरीचं बोट उठायचा अवकाश, पाण्याचा पेला तिच्या ओठाशी. आणि बाप?

बाप दुकानात रंगात आला होता. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस, याच्या तोंडाला फेस. कुणाची बदली, कुणाच्या जावयाचा तोरा. केस वाढायच्या आधीच लोक यायचे, त्याचं बोलणं ऐकायला. घरी मात्र ती जीभ चपलांबरोबर दाराबाहेर राहायची.

तिनं रिकाम्या खुर्चीच्या हातांवर लहान मुलांची फळी टाकली आणि पोरीला वर बसवलं.

"गिऱ्हाईक आणलंय. बोला."

"अगं, घरी बोललो असतो की."

"कधी?"

त्यानं हात पुसले आणि सवयीनं आरशात बघत सुरुवात केली. काय बाईसाहेब, कमी करायचे ना? करू या, करू या. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच.

तिनं खुर्ची गर्रकन त्याच्याकडे फिरवली. "आरशाशी नाही, तिच्याशी. आणि विचारलंत तर थांबा."

पोरीनं पाण्याच्या फवाऱ्याकडे बोट केलं. त्याचा हात निघाला, आईनं त्याचं मनगट धरलं. स्वतःचा दुसरा हातही मुठीत आवळला, कारण तोही निघाला होता.

"काय हवंय तुला?" तो म्हणाला, आणि खरंच थांबला.

पोर त्याच्या ओठांकडे बघत राहिली, जणू तिथून काही ओघळेल आणि ते तिला ओंजळीत झेलायचंय.

"फुस."

"फुस? कुठं करू फुस?"

त्यानं फवारा उचलला आणि पुन्हा थांबला. मग इवलंसं बोट त्याच्या मिशीवर टेकलं. "इथं."

त्यानं आपल्याच मिशीवर फवारा मारला. पोर खिदळली, दुकान हसलं, आणि तो ओल्या मिशीनं गिऱ्हाइकांकडे वळला. ऐकलंत का मंडळी, आमची लेक काय म्हणाली ते? किस्सा रंगू लागला.

पाठीमागे पोर म्हणाली, "अजून." कुणी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा हळू.

आईनं त्याची हनुवटी चिमटीत धरली आणि चेहरा वळवला, तो गिऱ्हाइकांचा वळवतो तसा.

"ती तुमच्याशी बोलतेय."