वॉर्डातली बंद खिडकी

मित्रांनो, दवाखान्यात गेलात की तुम्ही डॉक्टरांकडे बघता, सिस्टरकडे बघता, आणि सुई दिसली की दाराकडे बघता. खिडकीकडे कोण बघतंय? मी बायकांच्या वॉर्डातली अशीच एक जुनी लाकडी खिडकी आहे.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि पहिल्या मजल्यावर बसवलं. तेव्हा माझ्या काचेच्या झडपा दिवसभर सताड उघड्या असत. ग्लानीत पडलेल्या बाईच्या कपाळावरून वारा गेला की ती डोळे उघडायची. खालून मुलं हाका मारायची, वरून आया विचारायच्या, "जेवलास का रे?" थोरल्या सिस्टर म्हणत, "ही खिडकी म्हणजे माझी अर्धी नर्स आहे." ते ऐकून मी फुलून जायचे.

मग वॉर्डात एसी आला. माझ्या झडपा स्क्रू मारून पक्क्या केल्या, फटींत लांबीचा लगदा भरून त्या बुजवल्या. धूळ थांबली, उकाडा गेला, सगळे खूश झाले. पण आतलीच हवा आत फिरत राहते, हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही.

पुढे कोपऱ्यातल्या कॉटवर न्यूमोनिया झालेल्या एक आजी आल्या. "माझ्या खोकल्याने चोरसुद्धा पळतील गं," म्हणत त्या सगळ्यांना हसवायच्या. माझ्याजवळच्या कॉटवर शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, टाकेही भरत आले होते. तिची लेक रोज बापाचं बोट धरून खाली उभी राहायची. काचेतून आवाज जात नसे, म्हणून मायलेकी हातवारे करायच्या. 'उद्या घरी येते,' असं आईने खुणेने सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तिला हुडहुडी भरली.

ताप चढला, धाप लागली. औषधं बदलून पाहिली, पण जंतू कशालाच दाद देईनात.

"डॉक्टर, ती आजींच्या कॉटजवळ गेलीसुद्धा नव्हती हो," तिचा नवरा म्हणाला.

"दोघींच्या छातीत औषधांना सरावलेला एकच जंतू निघालाय," वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हवेतून आला असावा. इथली हवा बाहेर जातच नव्हती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग ही खिडकी कशाला आहे?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्या स्क्रूंवरून बोट फिरवलं.

ती बाई गेली. आजींना नंतर मिळालेल्या शेवटच्या एका औषधाने कसंबसं तारलं, पण त्यांचं हसणं आटलं. "माझं मेलीचं आयुष्य तिला लागायला हवं होतं," एवढंच त्या पुटपुटत.

नवरा लेकीला घेऊन तिचे कपडे न्यायला आला, तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः उभ्या राहून माझे स्क्रू काढून घेत होत्या. झडपा कुरकुरत उघडल्या. खालच्या रस्त्यावरचे आवाज आत आले. लेक रिकाम्या कॉटपाशी थांबली.

"बाबा, आता आईला माझं ऐकू आलं असतं ना?"

त्याने तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, जंतू मारणारी औषधं मनाने घेऊ नका, अर्धवट सोडू नका. नको तिथे वापरली की जंतू त्यांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध हात टेकतं. आजारी माणसाच्या खोलीत वारा खेळता ठेवा. मला झडपा आहेत, पण त्या उघडायला मला हात नाहीत. ते तुम्हालाच आहेत.