मी घेतलेले ताईच्या जबड्याचे माप

लेथजवळच्या खणात आम्ही एकूण नऊ जण होतो: दोन मायक्रोमीटर, तीन पोलादी पट्ट्या, एक गुण्या, एक कंपास, एक नवा डिजिटल व्हर्नियर आणि मी. भंगारात द्यायचा म्हणून कोपऱ्यात सरकवलेला मात्र मी एकटाच.

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर आहे. जुना म्हणा, चालेल. बिनकामाचा म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे!

कठीण, न गंजणाऱ्या पोलादाची पट्टी घासून आणि तिच्यावर बारीक रेषा कोरून मला घडवले. माझे खालचे मोठे जबडे वस्तू बाहेरून पकडतात आणि वरचे छोटे जबडे पोकळी आतून मोजतात. माझ्या सरकत्या पट्टीवर पन्नास घरे आहेत. तिच्यावरची जी रेष मुख्य पट्टीवरच्या रेषेला तंतोतंत भिडते, ती मिलिमीटरचाही पन्नासावा भाग सांगते. ताईच्या वडिलांनी मला विकत आणले तेव्हा ते मला मऊ कापडात गुंडाळून ठेवत. वडील गेले आणि लेथ ताईने चालवायला घेतला. धाकटा भाऊ शेजारी वेल्डिंग करू लागला. पुढे तो चमकत्या आकड्यांचा डिजिटल आला आणि मी खणाच्या तळाशी गेलो. एकदा तर भावाने माझ्या टोकाने रंगाच्या डब्याचे झाकण उचकटले. तो अपमान मी अजून गिळलेला नाही.

एके दिवशी ताईचा डावा गाल टम्म फुगला.

"काय लपवलंयस गालात?" भावाने विचारले. "अर्धं मला दे की."

"गप रे. दाढ आहे. बसेल आपोआप."

ती बसली नाही. शेवटी ताई भावासोबत दवाखान्यात गेली आणि एक्स-रेची फिल्म घेऊन तणतणत परत आली. अक्कलदाढ हिरडीखाली आडवी अडकली होती. तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरली होती आणि ती जबड्याचे हाड आतून पोखरत होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायला सांगितले होते.

"आडवी झोपलीये तर झोपू दे," ताई म्हणाली. "भाडं मागतेय का माझ्याकडे? आणि त्या चित्राचं काय, मशीन काहीही दाखवतं."

तिने खणात हात घातला. डिजिटल भावाच्या टेबलावर होता, म्हणून हाती मी लागलो. फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून तिने पिशवीखाली उरलेल्या हाडावर माझे जबडे ठेवले. मी सांगितले, ४.६० मिलिमीटर. तिने पुन्हा मोजले. मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा तिने मला जोरात दाबले. दाबा, आपटा, वाट्टेल ते करा. आहे त्यापेक्षा केसभरही जास्त मी दाखवत नाही.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, फिल्मवर हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं म्हणून?" भाऊ हळूच म्हणाला.

ताईने फिल्म काचेवरून खाली घेतली. मग म्हणाली, "एवढ्या पातळ भिंतीची नळी आली असती, तर मी परत पाठवली असती."

"मग जबडा परत पाठवतेस?"

"जास्त शहाणपणा करू नकोस. तारीख घे."

तयारी सुरू झाली. कोणत्या गोळ्या घेतेस, आधी कधी भूल दिली होती का, कशाची ॲलर्जी आहे, हे सगळे डॉक्टरांनी विचारले आणि ताईने काहीही न लपवता सांगितले. घरी मऊ खाण्याची आणि बर्फाची सोय झाली. भूल देण्याआधी किती तास पोट रिकामे हवे, हेही डॉक्टरांनी बजावले.

"तुझ्या तोंडाला सुट्टी," भाऊ म्हणाला, "म्हणजे आमच्या कानांनाही सुट्टी!"

शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिथे नव्हतो. जे मोजले नाही, ते मी सांगत नाही. ताई परतली तेव्हा तिच्या दातांत कापसाची घडी होती आणि गालावर बर्फाची पिशवी. थुंकायचे नाही, जोराने चूळ भरायची नाही, नळीने ओढून प्यायचे नाही, असे तिला बजावले होते. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधारानेच खड्डा भरून येतो. ओढले की ती निघून येते आणि मग ठणका काय असतो ते कळते. ताई एका पुठ्ठ्यावर खडूने लिहून भावाशी भांडत होती.

टाके काढायच्या वेळी नवेच संकट समोर आले. तोंड जेमतेम अठरा मिलिमीटर उघडत होते. डॉक्टर म्हणाल्या, "स्नायू आखडलेत, असं होतं. शेक द्या आणि हळूहळू उघडायचा व्यायाम करा. पुढच्या तपासणीपर्यंत पस्तीस व्हायला हवेत, नाहीतर पुन्हा भूल देऊन बघावं लागेल. पण जोर करायचा नाही हं. हाड अजून पातळ आहे, तडकेल."

पुन्हा भूल! ताईने फक्त तेवढेच ऐकले. वर्कशॉपमध्ये येऊन तिने लेथवर नायलॉनचा निमुळता शंकू कातला. तो मीच मोजला. माप बिनचूक होते, काम साफ चुकीचे. तोंड बळेच उघडायला शंकू दातांत धरून तिने पिळायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी हात थांबेना.

भावाने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि धावत येऊन तिचे मनगट धरले.

"भोकात आटे पाडताना टॅप असा रेटतेस का गं तू?"

ताईने मान हलवली. नाही.

"मग कसा?"

"थोडा पुढे," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "मग थोडा मागे."

"आणि रेटला तर?"

"मोडतो. आतच."

शंकू खाली पडला. भावाने तिला तसेच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला. हाड शाबूत होते. डॉक्टर ताईला चांगल्याच रागावल्या, मग त्यांनी चपट्या लाकडी काड्या दिल्या. काड्यांची चवड दातांत धरायची, ताण जाणवला की थांबायचे, मग सैल सोडायचे. सोसेल तेव्हाच आणखी एक काडी वाढवायची. माप दर वेळी एकाच ठिकाणी आणि एकाच साधनाने घ्यायचे.

तोंडात जाणारे साधन उकळायला हवे. डिजिटलला उकळत्या पाण्यात टाकले असते, तर त्याचे चमकते आकडे तिथेच विझले असते. मी मात्र पातेल्यात खुशाल उकळलो!

तेव्हापासून माझे वरचे जबडे ताईच्या वरच्या आणि खालच्या मधल्या दातांना टेकू लागले. माप काही दिवस वाढले, काही दिवस अडले. एकदा घसरलेही. एका सकाळी ताईने माझे टोक गुपचूप बाजूच्या दाताकडे सरकवले. माप तिरके झाले की आकडा वाढतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

"सरळ धर," भाऊ पाठमोराच म्हणाला.

"बघितलंस कसं?"

"बघायला कशाला हवं? तू गुणगुणायला लागलीस."

ताई हसली आणि तिने मला सरळ धरले. आकडा कमी होता. ती वैतागली, पण काडी वाढवली नाही.

मित्रांनो, मला तुमची दया नको. जुन्या हत्यारांनी डबे उचकटू नका, त्यांना पुसून ठेवा, हे मी ठणकावून सांगतो. आणि स्वतःचे शरीर दुखते तेव्हा त्याचे खरे माप ऐकायला घाबरू नका. डॉक्टरांपासून काही लपवू नका, आणि बरे होणाऱ्या हाडाला गंजलेला बोल्ट समजून पिळू नका.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आपली प्लास्टिकची पट्टी पुढे केली. ताईने पिशवीतून मला काढले.

"यानंच मोजा. आमचं सगळं याच्यावर झालंय."

डॉक्टरांनी मला निर्जंतुक केले. ताईने डोळे मिटले आणि तोंड उघडले. भाऊ खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभा होता. डॉक्टरांनी माझे जबडे मधल्या दातांना सरळ टेकवले, दिवा जवळ ओढला आणि भिडलेली रेष शोधली.

३६.४२ मिलिमीटर.