वेणीपावाचा शेंडा

त्या घरातल्या कुणीही एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. सिनेमे मात्र रग्गड पाहिले होते. सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकली की आई पावाचं पीठ मळायची, मोठ्या पातेल्यात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि दोन्ही मुलांना पुढे घालून कोपऱ्यावरच्या थिएटरात न्यायची. सिनेमा ऐन रंगात आला, नायिका दाराशी पोचली, दुष्टाने चाकू काढला, की आई पर्स खांद्याला अडकवून उठायची. "चला, पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं असेल," म्हणायची. मग रांगेतल्या लोकांच्या पायांवर पाय देत, त्यांची बोलणी खात, तिघं बाहेर पडायची.

खरी गंमत त्यानंतर. आई पिठाच्या तीन लांब वळ्या करून त्यांची वेणी घालायची, वरून दूध फिरवायची आणि पाव ओव्हनमध्ये सरकवला की म्हणायची, "हं, सांगा आता, पुढे काय झालं?" प्रत्येकाने आपापला शेवट सांगायचा. ज्याचा शेवट सगळ्यांना पटेल, त्याला पावाचा शेंडा, म्हणजे वेणीचं ते निमुळतं, खरपूस टोक. धाकट्याला घरात भोंगा म्हणत, कारण तान्हा असताना तो बोटीने बंदर सोडावं तसा रडायचा. भोंग्याच्या शेवटात हमखास स्फोट व्हायचा आणि नायिकेसकट सगळे उडायचे. ताईचे शेवट म्हणजे आईच्याच शेवटांची नक्कल, तीही आईच्या चेहऱ्याकडे बघत बघत केलेली. शेंडा बहुतेक वेळा आईच जिंकायची आणि मोडून दोघांना वाटायची. स्वतः जिंकलेला शेंडा ताईच्या वाट्याला कधी आला नाही.

कादंबऱ्यांचंही तेच. आईची जिवाभावाची मैत्रीण वाचनालयात कामाला होती. मुलं तिला मावशी म्हणायची. तिने आणलेल्या कादंबऱ्या आई पाव भाजता भाजता मोठ्याने वाचायची आणि शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून टाकायची. मावशी कुरकुरायची. "तुमच्या घरून आलेल्या पुस्तकाची शेवटची पानं कोरी करकरीत असतात. लेखकाने काय झक मारली ती लिहून?" आई म्हणायची, "आमचा शेवट बरा असतो गं." मावशी नाक मुरडायची, पण शेवट ऐकायला मुद्दाम थांबायची.

वेणीपाव मूळचा बाबांचा. बाबा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. महिनोन्‌महिने समुद्रावर, मग काही आठवडे घरी. घरी असले की तेही जाडजूड कापडाचा एप्रन बांधून या खेळात उतरायचे. त्यांचा कुठलाही सिनेमा जेवणावरच संपायचा. खुनी पकडला गेला तरी आधी पंगत, मग तुरुंग. "उपाशीपोटी कुणाला आत टाकायचं नाही," हे त्यांचं म्हणणं. ते बोटीवर गेले की एप्रन स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर लटकायचा आणि त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

पुढे ताई स्वतः पाव करायला लागली तेव्हा तिला कळलं, की पिठाला एवढी घाई नसते. गार स्वयंपाकघरात ते आणखी अर्धा-पाऊण तास सुखाने बसलं असतं. हे तिला कळलं तरी ती मूग गिळून बसली. काही गोष्टी खोट्या आहेत असं कळल्यावरही त्या मोडाव्याशा वाटत नाहीत, आणि तसं वाटत नाही यात काही चूक आहे असं निदान ताईला वाटलं नाही.

हा सगळा प्रकार सुरू झाला तो एका बोटीच्या सिनेमापासून. त्याआधीचा कुठला सिनेमा ताईला आठवतही नव्हता. तेव्हा ती दुसरीत होती, भोंगा तर खुर्चीत उभा राहून बघायचा. बाबांच्या बोटीची खबर येणं बंद झालं होतं. कंपनीच्या कार्यालयात फोन केला की तिकडचा माणूस "कळवू" म्हणून फोन ठेवायचा. आई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर जगाचे फोन जोडून द्यायचे आणि आपल्याला हवा तो आवाज कुठल्याच तारेवर नाही. जीव टांगणीला लागलेला, पण मुलांसमोर तोंडावर हसू. त्यांचा वेळ जावा म्हणून तिने सिनेमा दाखवायचं ठरवलं, आणि निघाला नेमका बोटीचा. पडद्यावरचा कप्तान वादळात सापडला, त्याची छोटी मुलगी धक्क्यावर उभी, आणि आई उठलीच. "चला, पीठ फुगलं असेल."

घरी आल्यावर ताईने रडून घर डोक्यावर घेतलं. कप्तान आला की नाही? आईने वेणी घालता घालता सांगितलं, आला तर. त्याची बोट एका अनोळखी बंदराला लागली होती. दाढी एवढी वाढली की मुलीने त्याला ओळखलंच नाही, ती त्याला म्हणाली, काका, तुम्ही माझ्या बाबांना पाहिलंत का? ताई खुदकन हसली. तो शेवट तिने पुढचे कित्येक दिवस पुन्हा पुन्हा सांगायला लावला. मधेच एकदा आईने मुलांना दुपारभर मावशीकडे वाचनालयात सोडलं, दाढ काढून घ्यायची आहे म्हणून. परत आली ती तोंडाला रुमाल लावून, डोळे सुजलेले. "फार दुखली," एवढंच म्हणाली. त्याही संध्याकाळी तिने तो शेवट सांगितला, रुमालाआडून.

आणि मग खरोखरच बाबा आले. इंजिन बिघडून त्यांची बोट कुठल्या तरी परक्या बंदरात पडून होती. दारात उभे राहिले ते छातीपर्यंत दाढी वाढवून. त्या दिवसापासून ताईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: आईने शेवट सांगितला की तो तसाच होतो.

ताई आता दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करत होती. मेणात दात बसवायचे, घासायचे, चकाकी आणायची. आईला स्वतःच्या दातांचा भारी गर्व. "तुझा धंदा माझ्यावर चालायचा नाही, बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत," ती ऊठसूट सुनावायची. पण हे झालं आधीचं. बाबा जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं, घरच्याच पलंगावर, साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. तेव्हापासून आईने पिठात हात घातला नव्हता. कादंबऱ्या उशाशी पडून असायच्या. विचारलं की म्हणायची, "कुणासाठी करू?" समोर बसलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटत असेल, हा विचार तिच्या मनाला शिवायचा नाही. ताईला राग यायचा आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची, की ही अशीच विझत जाणार.

भोंगा लिफ्टा दुरुस्त करायचा आणि नको तिथे डोकं चालवायचा. एका दुपारी त्याने ताईला कामावर फोन केला.

"तायडे, तो बोटीचा सिनेमा मिळालाय. आख्खा. आईच्या वाढदिवसाला दाखवू या. मावशीलाही बोलावतो."

"शेवटासकट?"

"मग काय, शेवट कापून देतात?"

"तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का रे? तो कप्तान बुडाला असला म्हणजे? तिच्यासमोर?"

"मावशीला सांगून बसलोय," तो म्हणाला. "आईलाही."

म्हणजे आता माघार नव्हती. ताईने ठरवलं, आपण पीठ मळून ठेवायचं आणि कप्तान वादळात सापडला की आपणच उठायचं. आईच्याच शब्दांत तिला बाहेर काढायचं. एकदा ते जमलं की झालं.

वाढदिवसाच्या दुपारी आईच्या बैठकीच्या खोलीत पडदे ओढून चौघं बसली. आई खुर्चीत, शाल गुंडाळून. मावशी तिच्या शेजारी, जाड भिंगांचा चष्मा पुसत. ताईने जेवणं उरकल्यावर पीठ मळलं होतं, पण कप्तानाच्या धास्तीने आपण त्यात काय घालतोय याकडे तिचं निम्मंही लक्ष नव्हतं. सिनेमा सुरू झाला. लहानपणी डोंगराएवढी वाटलेली बोट आता पत्र्याची वाटत होती आणि समुद्र तर बहुधा एखाद्या हौदातला होता. भोंगा त्यावर हसला. पण धक्क्यावर ती छोटी मुलगी येऊन उभी राहिली तेव्हा ताई खुर्चीच्या कडेला सरकली. वादळ सुरू झालं. ती उठली.

"चला, पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं असेल."

भोंगा उठला, मावशी खुर्चीचा हात धरून उठायला लागली. आई जागची हलली नाही.

"बसा गं," ती म्हणाली. "पिठाला काय धाड भरली आहे? बसेल आणखी थोडं."

बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कप्तान बुडाला. बोटीची एक फळी किनाऱ्याला लागली. शेवटी त्याची बायको खुंटीवरचा त्याचा कोट काढते, घडी घालून पेटीत ठेवते आणि झाकण लावते. तिथेच सिनेमा संपतो. ताईने धीर करून आईकडे पाहिलं. आई रडत नव्हती.

"तेव्हासुद्धा मला तिचा असाच राग आला होता," आई म्हणाली. "कोट कशाला काढायचा?"

"तेव्हा म्हणजे कधी?" भोंग्याने विचारलं. "आपण तर उठलो होतो."

"मी परत गेले होते. एकटी. रजा टाकून. न बघता राहवेना मला. रोज हिला शेवट सांगायचा आणि खरा काय आहे ते माहीत नाही, झोप लागेना. म्हटलं, कप्तान वाचला असेल तर हे पण येतील." तिने शाल सारखी केली. "तर तो बुडाला."

"आणि पोरं माझ्याकडे होती," मावशी म्हणाली. "मला म्हणालीस, कुणाला सांगू नकोस. मी आजतागायत चकार शब्द काढला नाही हो."

दाढ. ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बत्तीसच्या बत्तीस. ती रोज परक्यांचे दात मोजत होती, आणि आपल्या आईच्या तोंडात काढलेली दाढ जागच्या जागी आहे, हे तिला एवढ्या वर्षांत उमगलं नव्हतं. कप्तान बुडालेला पाहून आई घरी आली होती, नवरा हयात आहे की नाही हे माहीत नसताना. आणि रुमाल तोंडाला लावून तिने दाढीवाल्या कप्तानाची गोष्ट सांगितली होती, मुलगी हसेपर्यंत. ताईला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण त्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओल्या डोळ्यांनी वेणी घालून पाव ओव्हनमध्ये सरकवून आली.

"हं," आई म्हणाली. "सांगा."

"काय सांगा? आता तर पाहिला की शेवट," भोंगा म्हणाला.

"तो त्यांचा झाला. आपला सांगा."

भोंग्याने पेटीत बॉम्ब ठेवून बघितला, पण त्यात जीव नव्हता. मावशीने बाईचं दुसरं लग्न लावून दिलं. आईने दोन्ही शेवट मान हलवून नापास केले आणि ताईकडे पाहिलं. आईकडे न बघता ताईने आयुष्यात एकही शेवट सांगितला नव्हता. आज तिने खिडकीकडे तोंड केलं.

"कोट पेटीत गेला," ती म्हणाली. "बरेच दिवस तसाच होता. बाई कुणाशी धड बोलत नव्हती. मुलगी धक्क्यावर जायची बंद झाली, घरातच बसायची आईकडे बघत. तिचा बाप तर गेलाच होता, आणि आईपण गेल्यासारखी. मग एकदा गारठा पडला. मुलीने काही मागितलं नाही, नुसती कुडकुडत बसली. बाईने ते पाहिलं. पेटी उघडली, कोट काढला आणि स्वतःच अंगात घातला. बाह्या लांब, खाली लोंबणाऱ्या. मग मुलीला कोटाच्या आत घेतलं. दोघी त्याच्यात मावल्या."

"मग?" मावशीने विचारलं.

"मग काही नाही. संपला."

पावाचा वास खोलीभर झाला होता. ताईने पाव काढून आणला, कापला, आणि सवयीने शेंडा आईपुढे ठेवला. आईने त्याचं टोक मोडून तोंडात टाकलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मीठ विसरलीस."

ताईने चव घेतली. खरंच अळणी. भोंगा फिदीफिदी हसायला लागला आणि मावशी म्हणाली, तरीच म्हटलं, एवढा फुगला कसा, मीठ नसलं की पीठ असं मोकाट सुटतं. आईने शेंडा ताईच्या ताटलीत ठेवला.

"तुझा आहे. जिंकलीस," ती म्हणाली. "खा अळणीच."

मग ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. स्वयंपाकघराच्या दारामागे गेली, खुंटीवरचा बाबांचा एप्रन काढला, झटकला आणि डोक्यातून घातला. तो तिला पार घोट्यापर्यंत आला. नाड्या मागे बांधता येईनात म्हणून ती पाठमोरी उभी राहिली, ताईने गाठ मारावी म्हणून.

"पीठ कुठल्या डब्यात ठेवलंयस?" तिने विचारलं.

ताईला सांगता येईना. तोंडात अळणी शेंडा होता आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.