तीन फुटांचा बोळ

प्रज्ञेशचं पत्र जुलैत आलं होतं आणि पोपटरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते टेबलावर शब्दकोशाखाली होतं, आणि पोपटराव शब्दकोश रोज उघडत असल्यामुळे पत्र रोज दिसत होतं.

'बाबा,' मुलानं बंगळूरहून लिहिलं होतं, 'फोनवर तुम्ही बरं, बरं म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहितोय. मला पुण्याला हिंजवडीच्या ऑफिसात बदली मिळतेय. पूर्वाचं म्हणणं, विश्रांतवाडीला आपल्या घरीच राहू. विश्रांतवाडी ते हिंजवडी रोज जायचं म्हणजे गाडी घ्यावी लागेल. घराच्या बाजूला मोकळी जागा आहे तिथे गॅरेज बांधू. गाडी आणि सामान दोन्ही मावेल असं माप तुम्हीच ठरवा आणि कळवा. तुमच्यापेक्षा चांगलं कोण ठरवणार? त्यावरून गाडी कोणती घ्यायची ते बघू. दसऱ्याच्या आत कळवलंत तर बरं.'

दसरा गेला, दिवाळीही गेली.

पोपटराव आळशी नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं होतं, रस्त्याखालच्या मोऱ्यांचे आणि लहान पुलांचे नकाशे काढले होते. नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असत : काढले, तपासले, मंजूर. पोपटरावांची सही जन्मभर पहिल्या चौकटीत राहिली. बढतीची परीक्षा त्यांनी दोनदा भीतीपोटी टाळली. रेघ बरोबर आहे हे दुसऱ्या कुणी सांगितल्याशिवाय त्यांना खरंच वाटत नसे. घरात हे काम पत्नी चंपाबाई करत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि तेव्हापासून पोपटराव साधी खिचडी केली तरी मीठ दोनदा चाखून बघत आणि तरीही साशंक मनानं जेवायला बसत.

गॅरेजचे त्यांनी अकरा नकाशे काढले होते. पहिली अडचण अशी की, गाडीवरून गॅरेजचं माप ठरायचं, आणि प्रज्ञेश म्हणत होता गॅरेजच्या मापावरून गाडी ठरवू. दुसरी अडचण त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मोठं गॅरेज लिहिलं तर मुलाला वाटणार, बाप टपूनच बसला होता. लहान लिहिलं तर वाटणार, आम्ही आलेलं बाबांना नकोय. दहा फूट रुंदी लिहिली की ती हावरट दिसे, आठ लिहिली की तुसडी. खरं तर मुलगा कर्तव्य म्हणून विचारतोय आणि नकार आला तर सुटल्यासारखं होईल त्याला, असंही दुपारी जेवणानंतर वाटे. मग ते नवा कागद घेत.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी फोन वाजला. सून पूर्वा होती.

"बाबा, रागावू नका हं. आम्ही ऑफिसजवळ वाकडला एक फ्लॅट बघून ठेवलाय. एकतीस तारखेपर्यंत हो की नाही सांगायचंय. हा तुमच्या पत्राची वाट बघत होता. आता विचारतच नाही."

"बरं, बरं," पोपटराव म्हणाले.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तिकडे थंडी कितपत?"

फोन ठेवल्यावर काय बोलायला हवं होतं ते त्यांना सुचलं. तीन वाक्यं होती, तिन्ही व्याकरणशुद्ध. त्यांनी रिसीव्हर पुन्हा उचलला, डायल टोन ऐकला आणि खाली ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकतीस तारखेला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चंपाबाईंच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली आणि शेजारी गेले. शेजारचा संजय आपल्या सुमोतून आयटीतली माणसं हिंजवडीला नेई-आणी. दुपारी तो घरी असे. गाडी फाटकाशी उभी होती. पोपटराव टेप लावून वाकले, तोच मागून आवाज आला.

"जयभीम काका. काय, गाडीला सदरा शिवताय का?"

"जयभीम. माप घेत होतो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"घ्या की. छाती जरा ढिली ठेवा, धुतल्यावर आटते."

संजयची बायको शर्मिला धान्य निवडत ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "अहो, काय थट्टा करताय मोठ्या माणसाची? काका, कशाला हवंय माप?"

पोपटरावांनी अडखळत सांगितलं आणि खिशातला अकरावा नकाशा पुढे केला. संजयनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"कागदावर काय कळतंय? फक्की मारा. गाडी आत घालून बघू."

पोपटरावांच्या घरी चुन्याची फक्की होतीच. घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत बाजूची जागा अकरा फूट. त्यातली आठ फूट रुंदी आणि सोळा फूट लांबी त्यांनी डब्यातून फक्की सोडत आखली. रेघ सरळ आली. संजयनं सुमो हळूहळू मागे घेत आखणीत आणली आणि आतूनच ओरडला, "काका, भिंती खऱ्या आहेत असं समजा. आता मी उतरू कसा?"

पोपटराव बघत राहिले. दार फूटभरही उघडणार नव्हतं. अकरा नकाशांत त्यांनी गाडी मावते का ते पाहिलं होतं. गाडीतून माणूस उतरतो, हे एकदाही ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर त्यांनी मोऱ्या काढल्या होत्या. मोरीतून पाणी जायचं, त्याला दार उघडावं लागत नसे.

"चुकलंच," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, काहीतरी चुकलंय."

"आणि सामान कुठं?" संजय बाहेर येत म्हणाला. "माझ्या मांडीवर?"

"सामान म्हणजे माझी पुस्तकंच. चार ट्रंका. आणि मशीन. मुलाला-सुनेला खोल्या मोकळ्या लागतील ना."

शर्मिला सूप बाजूला ठेवून आली होती. ती फक्कीच्या रेघेबाहेर उभी होती, गॅरेज आणि कंपाउंड यांच्यामधल्या पट्ट्यात.

"काका, जागा अकरा फूट आहे, मग हे तीन फूट का सोडले?"

पोपटरावांनी टेप गुंडाळायला घेतली.

"तो बोळ आहे."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"मी मागच्या खोलीत राहीन. त्यांचे मित्र येतील, हॉलमध्ये बसतील. सारखं त्यांच्यामधून कशाला जायचं? इथून मला मागच्या मागं जाता येईल."

शर्मिलानं विचारलं.

"पुढचं दार ते बंद करणार आहेत का तुम्हाला?"

"नाही. तसं नाही."

"असं लिहिलंय का पत्रात?"

"नाही."

"मग तुम्हीच स्वतःला घराबाहेर काढलंत की." ती जरा थांबली. "टेपला विचारताय, गाडीला विचारताय. पोराला विचारा ना काका, की बाबा रे, मी मध्ये बसलो तर चालेल का!"

संजयनं गाडी बाहेर काढली आणि जाताना म्हणाला, "बोळ काढून टाका. साडेदहा धरा. दार उघडेल. लांबी वीस करा, मागे चार-पाच फूट सामानाला राहतील. पुस्तकं मात्र घरात ठेवा, गॅरेजात वाळवी लागते."

दोघं गेली. पोपटराव बराच वेळ त्या तीन फुटांत उभे राहिले. मग दोन पावलं चालून पाहिलं. आपणच आपल्या घराला चोरासारखा वळसा घालतोय असं त्यांना वाटलं. पाच महिने ते गॅरेज आखत नव्हते, तर बोळ आखत होते. त्यांनी चपलेनं फक्कीची रेघ पुसली आणि कंपाउंडजवळ नवी मारली. भिंतीची जाडी वजा करून साडेदहा. आता बाजूला सोडलेली जागा उरली नाही.

आत येऊन त्यांनी बारावा नकाशा काढला. तो तासाभरात झाला. मग पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय प्रज्ञेश, उशीर झाला याबद्दल क्षमस्व' हे वाक्य दोनदा खोडलं. शेवटी त्यांनी लिहिलं :

'गॅरेज साडेदहा बाय वीस. शेजारच्या संजयची मोठी गाडी त्यात राहते आणि चारी दारं उघडतात. तुला हवी ती गाडी घे. सामानाला मागे पाच फूट आहेत. माझी पुस्तकं मी घरातच ठेवणार आहे, ती तुम्हाला अडचणीची वाटली तर सांगा. मी हॉलमध्ये बसतो, ते तुम्हाला चालेल का, तेही सांगा. फ्लॅट घ्यायचं ठरलं असेल तर माझा राग नाही. पण तुम्ही इथे यावं असं मला वाटतं. हे जुलैतच लिहायला हवं होतं.'

पुन्हा वाचलं तर पाठवणार नाही, हे ठाऊक असल्यानं त्यांनी न वाचताच पाकीट चिकटवलं. डिंक जास्त झाला. पोस्टाची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. ते रस्त्यानं जवळजवळ पळतच गेले.

"स्पीड पोस्ट करायचंय. बंगळूर."

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाच्या काट्यावर टाकलं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत भिरकावलं. किती दिवसांत पोचेल, असं पोपटरावांना विचारायचं होतं. पण मागे रांगेत दोन माणसं उभी होती, म्हणून ते पावती घेऊन बाजूला झाले.