हाक दिल्याशिवाय पाणी सोडायचं नाही

साहेब, आमच्या तलावातले मासे तुम्ही मारले. विष फवारलं आमच्याच माणसांनी, पंप आमच्याच पाठीवर होता, हे कबूल. पण मारले तुम्ही. तुमच्या एका कपाटात फवाऱ्याची तारीख होती, दुसऱ्या कपाटात माशांचं बीज सोडायची तारीख होती, आणि दोन कपाटांच्या मधे तुमची खुर्ची होती. एकदा मान इकडे वळवायची, एकदा तिकडे. तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही.

नाव घेत नाही. ज्याचं आहे त्याला कळेल.

हे शहात्तर सालचं. एकोडीच्या अलीकडे आमचं गाव. तलावाच्या वरच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, त्यांचं निथळलेलं पाणी तलावात उतरतं. तलावात ढिवर मासेमारांच्या सोसायटीचे मासे. सेवकराम तिचा अध्यक्ष. श्रावणात त्यानं बीज सोडलं, बोटाएवढी पिलं, आणि दोन दिवसांत तलाव पांढरा झाला. सगळ्यांची पोटं वर. धानावर गादमाशी पडते म्हणून तुमच्या मोहिमेनं वरच्या बांध्यांत एंड्रिन हे विषारी औषध मारलं होतं, आणि त्यावर पाऊस झाला होता. वर तुमचंच पत्र आलं, की पुढच्या सालीही बीज जगलं नाही तर तलाव सोसायटीकडून काढून ठेकेदाराला देऊ. म्हणजे मारणार तुम्ही आणि सुतक ढिवरांनी पाळायचं.

आता गंमत ऐका. या दोन कामांसाठी तुम्ही पाठवलेली दोन माणसं एकाच घरात राहत होती. रंभाबाईचं किराणा दुकान, मागे दोन खोल्या भाड्याच्या. एका खोलीत वझलवार, नागपूरचे, धानावरचे किडे मोजणारे. शेतात कंदील टांगायचा, खाली पाण्याची परात ठेवायची, आणि रात्रभर तीत पडलेल्या माशा सकाळी चिमट्यानं वेचायच्या. दुसऱ्या खोलीत भोंगाडे, तलावाचं पाणी बाटलीत भरून, त्यात औषधाचे थेंब टाकून रंग पाहणारे. मधे कुडाची भिंत. साबण एक, पेपर एक, दाढीचं पातंसुद्धा एक. फक्त पेट्या दोन आणि दोन्हींना कुलूप.

"तुमच्या पेटीत असं हाय तरी काय जी?" रंभाबाईनं एकदा भात वाढता वाढता विचारलं.

"आकडे," वझलवार म्हणाले.

"अन् तुमच्या, भोंगाडेभाऊ?"

"आकडेच."

"मंग दाखवा ना एकमेकाले. उपवर पोरी हायेत काय ते, झाकून ठेवाले?"

"माझं संशोधन आहे, मावशी. छापून येईपर्यंत बाहेर जाता कामा नये."

"आमचं गोपनीय हाय," भोंगाडे म्हणाले.

"बरं," रंभाबाई म्हणाली. "छापून आलं का मासोळ्याईले वाचून दाखवजा."

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात सेवकराम पुन्हा बीज आणायला निघाला, तेव्हा तो आधी वझलवारांकडे गेला. फवारा कवा हाय? वझलवार म्हणाले, आदेश येईल तसं कळवण्यात येईल. "माशाले कळवान का मले?" एवढं विचारून सेवकराम निघून आला. त्याची बायको गिरजाबाई जाळं विणत बसली होती. तिनं विणणं थांबवलं. तलाव गेला तर जाळं कोणासाठी विणायचं?

आणि नेमकी तेव्हाच वझलवारांच्या हातून चूक झाली.

गोमाजीची एक बांधी त्यांनी प्रयोगाला घेतली होती. एका सकाळी तीत पाणी जास्त दिसलं. त्यांनी फावडं घेतलं आणि बांधीचा मातीचा धुरा फोडून पाणी सोडून दिलं. खाली चंद्रभागाबाईची बांधी. तिचा रोवणा, धानाची लावणी, आदल्याच दिवशी आटोपला होता, रोपांनी अजून माती धरली नव्हती. सगळी रोपं उपटून धुऱ्याला लागली.

आमच्याकडे नेम असा, की वरच्या बांधीतलं पाणी फोडायचं तर आधी खाली हाक द्यायची, 'पाणी सोडतो वो', आणि खालून 'ओ' आली तरच फावडं मारायचं. ओ आली नाही तर हाक झालीच नाही. बांधासाठी कोर्टात भांडणारे सख्खे भाऊसुद्धा हाक देतात. तोंड फिरवून देतात, पण देतात.

चंद्रभागाबाई चिखलानं माखलेली रोपांची मूठ घेऊन रंभाबाईच्या ओसरीवर आली आणि ती तिनं वझलवारांच्या ताटाशेजारी ठेवली.

"हाक काहून नाई देली?"

"बाई, मला माहीत नव्हतं."

"पाणी खाली जाते, हे माहीत नोहतं?"

वझलवार जेवणावरून उठले. माणूस वाईट नव्हता. पँट गुडघ्यावर चढवून त्यांनी दिवसभर तिच्या बांधीत रोवणा केला. रांग अशी वाकडी गेली की बाया हसून हसून चिखलात बसल्या. संध्याकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावर, गाव जमलं, तेव्हा गावातला जाणता म्हणून गोमाजीनं शिक्षा सांगितली.

"रोवणे सरेपर्यंत रोज संध्याकाळी साहेबानं पारीवर उभं राहून हाक द्याची. सवय लागू द्या."

"पण मी आता पाणी सोडणारच नाही. हाक कशाची देऊ?"

"पाणीच काहून? वरतून जे जे खाली उतरन, ते सांगा."

"आणि ओ कोण देणार?"

सगळ्यांनी भोंगाड्यांकडे पाहिलं. सगळ्यांत खाली तलाव, आणि तलावाचं पाणी यांच्या बाटलीत.

"मले कागद दाखवता येत नाई, गोमाजीबुवा," भोंगाडे घाबरून म्हणाले.

"कागद मांगला कोणं? कागद ठेवा पेटीत. तोंड तं सरकारजमा नाई झालं ना?"

साहेब, तुमचे नियम मी नंतर वाचून घेतले. कागद दाखवू नये, नक्कल देऊ नये, सगळं लिहिलं आहे. पारीवरून ओरडू नये, असं कुठंच नाही.

पहिल्या दिवशी वझलवारांचा आवाज धुऱ्यापलीकडे जाईना. रोवण्यावरून परतणाऱ्या बाया थांबल्या. "जोरात जी, तुमच्यापरीस बेडकाचा गळा बरा," चंद्रभागाबाई म्हणाली. मग त्यांनी छाती भरून हाक दिली, "काल परातीत गादमाशी थोडी पडली वो." पारीच्या दुसऱ्या टोकावरून भोंगाड्यांची ओ आली. दोन-चार दिवसांत दोघांना त्याची चटक लागली. वझलवार माशी सांगायचे, पाऊस सांगायचे. भोंगाडे ओ देऊन पाण्याचा रंग सांगायचे. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून ऐकायला येऊ लागली. रंभाबाईचे फुटाणे संपायला लागले.

आणि एका संध्याकाळी वझलवारांनी हाक दिली, "शनिवारी वरच्या बांध्यांत फवारा हाय वो."

ओ आली नाही.

त्यांनी पुन्हा हाक दिली. पारीवर बसलेला सेवकराम उठून उभा राहिला.

"सोमवारी बीज येऊन राहिलं, वझलवार," भोंगाड्यांचा आवाज आला. "ओ कशी देऊ?"

"मला वरून तारीख आलेली आहे."

"माशी तं थोडी म्हणत होते तुमी," चंद्रभागाबाई म्हणाली. "मंग फवारता कायले?"

"तारीख आहे, बाई. उन्हाळ्यातच छापून आली आहे."

"उन्हाळ्यात धान कुठी होता? वरतून दिसते काय माशी?"

सगळी पार हसली. वझलवार हसले नाहीत. त्यांच्याच परातीतल्या माशा सांगत होत्या की फवाऱ्याची गरज नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं. फक्त कोणाला सांगायचं ते आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, सेवकरामकडे पाहिलं, आणि हाक दिली, "फवारा रद्द केला वो."

तेव्हा भोंगाड्यांनी जी ओ दिली, तिनं पारीवरचे सगळे बगळे उडाले.

सोमवारी बीज आलं. सेवकराम गळ्याइतक्या पाण्यात जाऊन मडकी कलती करत होता आणि काठावरून गिरजाबाई त्याला हळू, हळू म्हणत होती. पुढं दोन दिवस गावात कोणी धड काम केलं नाही, जो तो पाणी पाहायला यायचा. पिलं जगली. धानही जगला. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेदिवशी गिरजाबाईनं रंभाबाईकडे वीतभर वाढलेली रोहू पाठवली. वझलवार शाकाहारी. म्हणाले, रस्सा घेतो, तुकडा नको.

"तुकड्याबिगर रस्सा, हे बी संशोधनच काय?" रंभाबाई म्हणाली.

त्या दिवशी दोन्ही पेट्या ओसरीवर उघडल्या गेल्या. पाऊस, माशी, पाणी, मासे, सगळं एका कागदावर उतरवलं आणि खाली दोघांच्या सह्या केल्या. तो कागद तुम्हाला मिळाला, हे आम्हाला माहीत आहे. कारण महिनाभरात तुमचा खुलासा मागणारा कागद आला, आणि मग बदल्या. धानाचे किडे मोजणारा कापसात पाठवलात. पाणी तपासणारा अशा तालुक्यात, जिथं तलाव नाही. या कामात तुमची अक्कल बरोबर चालली.

आता दोन नवे आले आहेत. पेट्या नव्या, कुलपं नवी. पण रंभाबाईनं मधली कुडाची भिंत पाडून टाकली आहे. "एकच खोली हाय, पटते तं राहा," असं तिनं त्यांना सांगितलं आणि दोघं राहिले. पोरं चांगली आहेत, तुम्हाला भितात एवढंच.

सेवकरामचं बीज यंदाही श्रावणात येणार. तुमची फवाऱ्याची तारीख यंदाही छापून तयार असणार. म्हणून मी हाक देतो आहे, साहेब. फवारा कोणत्या दिवशी आहे, आणि कोणाच्या परातीतल्या माशा मोजून तो ठरवला? कागद पाठवू नका. पारीवर या आणि तोंडानं सांगा. तोवर आमच्या गावात एकही पंप पाठीवर चढणार नाही.

हाक दिली आहे. ओ द्या.