बेट म्हणजे बांबूचं

खामगावच्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. फलकावर विषय ठळक : ‘लहान बेटांचे भवितव्य’. पहिल्या नंबराला नागपूरची अंतिम फेरी. सफाला तिथं जायचंच होतं. भाऊ अकील मालदीवच्या एका हॉटेलात स्वयंपाकी; तो फोनवर जे सांगे, ते तिला चार माणसांत बोलायचं होतं.

प्रमुख पाहुणे माणिकराव दुपार कलल्यावर उगवले. फलकाकडं पाहून खुश झाले.

“बेट! माह्या बांधावर बांबूचे दोन बेटं हायेत. सरकार अनुदान देऊन राह्यलं. बेटं लावा बाप्पा, बेटं जगवा!”

टाळ्या. प्राचार्य प्रेमानंदांची सगळ्यात मोठी. मंचावर एवढे प्राध्यापक, पण ‘साहेब, बेट समुद्रातलं’ एवढं एकाच्याही तोंडून फुटलं नाही. पगारी मुके.

गोपाल पहिला बोलायला उठला. हुशार पोरगा. पाठ केलेला समुद्र त्यानं उभ्या उभ्या गिळला अन् बांबू हेच भवितव्य असं ठोकून दिलं. माणिकरावांनी त्याची पाठ थोपटली.

प्रेमानंद सफाच्या कानाशी आले. “साहेबांचा मान ठेव. चार वाक्यं बांबूवर बोल. समुद्राचं नंतर.”

“नंतर म्हंजे कवा, सर? बुडल्यावर?”

ती माइकपुढं गेली. “माझी बेटं समुद्रातली आहेत. तिथं तांदूळ जहाजानं येतो, औषधंही. विहिरीत खारं पाणी शिरलंय. एक वादळ आलं की पर्यटक पळतात, वर्षाची कमाई बुडते. जगभरचा धूर दुसऱ्यांचा, बुडणारे हे. आणि हॉटेलं झगमगतात म्हणून जग म्हणतं, तुम्ही श्रीमंत, तुम्हाला सवलतीचं कर्ज कशाला?”

“हे कोणत्या तालुक्यातलं सांगून राह्यली बे पोरगी?” माणिकरावांनी प्रेमानंदांना विचारलं.

हॉल हसला. माइक बंद झाला. सफा तशीच ओरडून बोलत राहिली. माणिकराव जेवायला उठले, त्यांच्यामागं परीक्षक उठले, प्राध्यापक उठले. शेवटची वाक्यं तिनं पाठमोऱ्या सदऱ्यांना ऐकवली.

बासुंदीच्या वाट्या चाटता चाटता निकाल लागला. गोपाल पहिला.

तो सफाला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, “तुह्ये कागद दे ना मले. नागपूरले बांबू नाही चालत. तिथं समुद्रच लागते.”

सफानं दोन्ही रिकामे हात त्याच्यापुढं पसरले.

“कागदच नाही,” ती म्हणाली. “सारं पाठ हाय मले. ये, काढून घेता येते का पाह्य.”