धावपट्टीच्या टोकाचा घास

मित्रांनो, मी एक जुनी धावपट्टी आहे. लांब, काळी आणि जन्माची आडवी. मला उठून बसता येत नाही, मान वळवता येत नाही आणि ओरडता तर मुळीच येत नाही. दिवसभर आभाळाकडं बघत पडायचं, एवढंच माझं काम. पण हल्ली त्या आभाळात जे फिरतं ते मला बघवत नाही. म्हणून आज तोंड उघडलं. एरवी आम्ही धावपट्ट्या कमी बोलतो.

आजचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. शहराच्या कडेला मी जिथं पसरले आहे, तिथं पूर्वी काळी रानं होती. ज्वारी, तूर, थोडा कापूस. माझ्या एका टोकाखाली आप्पासाहेबांचं वावर होतं आणि वावरात दगडी विहीर होती. जमीन विमानतळात गेली, विहीर बुजवली. वर खडी आली, डांबर आलं, रोलर आला. तो रोलर आठवला तरी अजून अंग ठणकतं! विहिरीच्या कठड्याचे दोन दगड तेवढे कुंपणाच्या जाळीबाहेर राहिले.

माझे सुरुवातीचे दिवस मोठ्या मानाचे होते. लेणी बघायला निघालेले परदेशी पाहुणे माझ्याच अंगावर पहिलं पाऊल टाकायचे. उस्मानपुऱ्यातली, शहागंजातली पोरं डबल सीट सायकलवरून यायची आणि जाळीला नाक लावून उभी राहायची. विमान टेकलं की टाळ्या पिटायची. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटायचं.

मग मोठ्या शहरांचे विमानतळ आणखी मोठे झाले आणि मी झाले दुय्यम. मुंबईत धुकं पडलं, तिथं गर्दी झाली, की एखादं विमान इकडं पाठवायचं. अडीनडीला आठवण यावी अशी मी दूरची मावशी! बाकी एक विमान सकाळी, एक संध्याकाळी. मधला सगळा दिवस माझ्यावर टिटव्या नाचायच्या. भेगांतून गवत आलं. जाळीपलीकडं लग्नाची लॉन उभी राहिली आणि उरलेल्या जेवणाच्या पिशव्या माझ्या टोकाशी येऊन पडायला लागल्या. त्या वासानं आधी कुत्री आली, मग घारी आल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. विमानंच नव्हती, तर वाटणार काय?

त्याच काळात आप्पासाहेब वारले. त्यांची बायको आवडाबाई दर पितृपंधरवड्यात जाळीबाहेरच्या त्या दोन दगडांपाशी यायची. केळीच्या पानावर खीर, वडे, कढी-भात ठेवायची आणि कावळ्यांना हाक मारायची. आपला माणूस आपल्याच विहिरीवर जेवायला येणार, दुसऱ्याच्या गच्चीवर कशाला जाईल, असं तिचं साधं म्हणणं होतं. दुपारी विमान नसायचं. कावळे यायचे, जेवायचे, जायचे. मलाही बरं वाटायचं. शेवटी ते वावर माझ्याच पोटात आहे ना!

आप्पासाहेबांची एक इच्छा मात्र राहून गेली होती. त्यांची नात सोनिया बंगळुरूला शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. म्हातारा जाळीशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची सोनी एक दिस विमानानं येनार. अन् उतरनार कुठं? आमच्याच वावरात!"

दिवस पुन्हा पालटले. आसपास कारखाने वाढले, माझी डागडुजी झाली, नवे दिवे लागले. विमानं वाढली आणि दुपारीही यायला लागली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पण पिशव्या कुणी उचलल्या नाहीत आणि घारींना नवं वेळापत्रक कुणी सांगितलं नाही. माझ्या अंगावरून सावल्या गोल गोल फिरायच्या. एकेक सावली मी मोजत पडायचे.

पक्षी हाकलायला धम्मपाल नावाचा माणूस होता. जीपमधून फिरायचा, फटाके वाजवायचा, घसा फोडून ओरडायचा. गेल्या पितृपंधरवड्यात आवडाबाई पान घेऊन आली, तेव्हा तो जाळीपाशी गेला.

"आजी, इथं नका ठेवू आता. दुपारचं विमान सुरू झालंय."

"मला ठावं हाय. आज त्याच विमानात माझी सोनी हाय." आवडाबाई गुलमंडीतून घेतलेलं नवं लुगडं नेसून आली होती. चेहरा नुसता फुलला होता. "तिच्या आज्याची विच्छा पुरी व्हायलीय, लेका. आज तरी मला उठवू नगं."

"अवो, पण पाखरं जमत्यात ना! विमानाला धडकली मंजे?"

"विमान कुठं, कावळा कुठं! तुझं विमान रोज येतंय. माझा मालक वर्षातून एकदा येतोय."

धम्मपालचा पितरांवर विश्वास नव्हता. त्याच्या घरी ही रीत नव्हती. पण म्हातारीला हुसकावून लावायचं त्याच्या जिवावर आलं. "बरं, लवकर उरका," म्हणाला आणि फटाक्यांची माळ हातात घेऊन उभा राहिला.

कावळे आले, पण पानाला शिवेनात. कुंपणावर बसले, उडाले, पुन्हा बसले. खालची हालचाल बघून घारीही खाली आल्या. एकीवर एक, एकीवर एक. माझ्या टोकावरचं आभाळ काळं व्हायला लागलं. कुठंतरी टिटवी ओरडली.

आवडाबाईनं हात जोडले. "अवो, कशाला रुसलाव? सोनी येतीया की! दर वर्साला तिला आनीन. जेवा आता."

तेवढ्यात लांबून विमानाचा आवाज आला. धम्मपालनं काडी पेटवली. आणि नेमका त्याच क्षणी एक कावळा दगडावर उतरला, मान तिरकी करून पानाकडं बघायला लागला.

"थांब!" आवडाबाई जाळीला धरून कळवळली. "वाजवू नगं लेका, शिवतोय त्यो! थांब की रं!"

धम्मपाल थांबला. काडी बोटाशी येईपर्यंत थांबला.

मी काय करणार? मला ओरडता येत असतं तर मी आभाळ फाटेल एवढ्यानं ओरडले असते. कावळ्यानं घास उचलला, विमान जाळीवर आलं आणि त्या आवाजानं सगळेच्या सगळे पक्षी एकदम वर उठले. धाडकन् आवाज झाला. एका इंजिनातून धूर निघाला. विमान कलंडलं, सावरलं आणि माझ्यावर आदळलं. टायर फुटला, ठिणग्या उडाल्या. शेवटच्या टोकापर्यंत मी त्याला धरून ठेवलं. अरे, थांब बाबा, थांब, एवढंच म्हणत होते. ते अगदी कडेला जाऊन थांबलं.

माणसं विमानाच्या दारातल्या घसरगुंडीवरून खाली आली. सगळी वाचली. सोनिया अनवाणी पायांनी माझ्यावरून चालत गेली. तिचं विमान आज्याच्या वावरातच टेकलं होतं, पण ते तिच्या ध्यानात नव्हतं. त्या वावराच्या टोकाला, जाळीपलीकडं आवडाबाई खाली बसली होती. समोर कावळा शिवलेलं पान होतं.

यंदाच्या पितृपंधरवड्यात ती पुन्हा आली. सोनिया बरोबर होती. पण ती रेल्वेनं आली होती. ती आता विमानात बसत नाही. आवडाबाईनं दगडावर पान मांडलं आणि पदराखालून दर्भाचा कावळा काढला. गवताच्या काड्या वळून तिनं स्वतः केलेला. खरा कावळा शिवेना, तर असा करतात. तिनं त्याची चोच घासाला लावली, नमस्कार केला आणि पान गुंडाळून पिशवीत घातलं. शीतसुद्धा मागं ठेवलं नाही.

धम्मपाल जाळीशी उभा होता. "आजी, तुमी एकट्यानं उचलून काय व्हनार? तिकडं बघा."

तिकडं ढीग होता. गेल्या वर्षीपेक्षा मोठा.

"मला ठावं हाय," आवडाबाई म्हणाली. "मी माझं उचललं."

मित्रांनो, मला रंग नको, नवे दिवे नकोत, हारतुरे तर नकोतच. माझ्या टोकाशी टाकलेलं तेवढं उचला. आवडाबाईनं तिच्या माणसाचा घास आवरला. तुम्हाला उष्ट्या पिशव्या आवरत नाहीत? माझ्यावर पुन्हा सावल्या फिरताहेत. दुपारच्या विमानाचा आवाज येऊ लागला आहे आणि गवताचा तो कावळा सोडला, तर बाकी सगळे उडणारे आहेत.